जखम न दिसणारा दंश

मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. तिचे दात बारीक. दंशाच्या जागी सूज आणि वेदना जवळजवळ नसतात. झोपलेला माणूस पुष्कळदा जागा होत नाही आणि सकाळी शोधूनही खूण सापडत नाही. घोणस, फुरसे चावल्यावर सूज येते, रक्तस्राव होतो. मण्यारीचे विष मज्जातंतू जिथे स्नायूला मिळतात तिथे काम करते. म्हणून हा दंश लक्षणांच्या क्रमावरून ओळखावा लागतो.

सुरुवात पुष्कळदा पोटदुखीने होते. प्रस्तुत लेखिकेच्या वडिलांच्या बाबतीत तसेच झाले. रत्नागिरी जिल्ह्यातले गाव, श्रावणातली पहाट. पडवीत चटईवर झोपलेले वडील पोटात कळा येतात म्हणून उठले, उलटी झाली. रात्रीचे जेवण बाधले असे धरून ओवा दिला गेला. उजाडताना ते मान मागे टाकून, कपाळाला आठ्या घालून बघू लागले. “अहो, डोळे नीट उघडा,” आई म्हणाली. भुवया वर गेल्या. पापण्या तशाच राहिल्या. पुढे घोट गिळवेना, बोलणे जड झाले.

पापण्या मिटू लागल्या की थांबू नये. त्यापाठोपाठ एकाच्या दोन वस्तू दिसणे, लाळ गळणे, मान न सावरणे आणि शेवटी श्वास अपुरा पडणे, असा क्रम असतो. एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत गेले, तर श्वासाचे स्नायू थकत आहेत असे समजावे.

१०८ वर फोन करून रुग्णाला कुशीवर निजवून न्यावे. तोंडाने काही देऊ नये. दोरी आवळणे, जखम कापणे, विष चोखणे टाळावे. साप शोधण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच प्रतिविष चालते. मात्र मज्जातंतूंना झालेली इजा प्रतिविष भरून काढत नाही, म्हणून ते लवकर मिळायला हवे. श्वास थांबू लागल्यास तंतूंची टोके पुन्हा वाढेपर्यंत व्हेंटिलेटर लागतो. वडिलांना तो काही दिवस लागला. निपचित पडलेल्या अवस्थेतही आसपासचे बोलणे ऐकू येत होते, असे त्यांनी नंतर सांगितले. अशा रुग्णाची हालचाल थांबली, तरी केवळ त्यावरून आशा सोडू नये; कृत्रिम श्वास चालू ठेवल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो.