साध्या गाडीतून आल्प्स

स्वित्झर्लंडचे नाव काढले की आम्हा मास्तर मंडळींचा हात आधी खिशाकडे जातो. पण तेथील आगगाड्यांचे वेळापत्रक पंचांगासारखे मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा थोडा धीर आला. कूरहून तिरानोला जाणाऱ्या ‘बेर्निना एक्स्प्रेस’ला छतापर्यंत काचा आहेत, आणि आरक्षणाचे निराळे पैसेही! मात्र त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही. सेंट मॉरिट्झला गाडी तेवढी बदलावी. ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल काय, किंवा २,२५३ मीटरवरचे ओस्पित्सिओ बेर्निना स्थानक काय, दोन्ही गाड्यांना सारखेच भेटतात. डोंगर काही तिकीट पाहून दर्शन देत नाहीत.

शिवाय परदेशी प्रवाशांचा पास आईबापांनी काढला, की बरोबरची सोळा वर्षांखालील मुले फुकट. आमच्या कन्येला येत्या जुलैत सोळावे पूर्ण होते. सौ. म्हणते, “दोन वर्षे थांबू, पैसे साठतील.” साठतीलही. पण दोन वर्षांनी कन्या आमच्याबरोबर यायला तयार असेल का, हे कोणत्याच वेळापत्रकात छापलेले नसते. तेव्हा मे महिना ठरला आहे. डबा घरचा, गाडी साधी.