आधण आणि धार

गोंदिया हा धानाचा जिल्हा. तांदूळ नवा की जुना, हे इथल्या घरांत मुठीत घेताच कळतं. नव्याला पाणी बेताचं, जुन्याला थोडं चढतं. भांडं तेच असलं तरी आधण हंगामागणिक बदलतं आणि म्हणूनच भात बाराही महिने मोकळा होतो. कागदातून गाळलेल्या काळ्या कॉफीकडे मी याच नजरेनं पाहतो. रोज तीच चव हवी असेल, तर आज काय बदललंय ते आधी ओळखावं लागतं.

बदल दिसायला मात्र काहीतरी पक्कं धरून ठेवावं लागतं. त्यासाठी वजनकाटा. 15 ग्रॅम कॉफी, 240 ग्रॅम पाणी. चमच्याचा भरवसा नाही, कारण गडद भाजलेली बी फुगीर आणि हलकी असते, कमी भाजलेली घट्ट आणि जड. चमचा तोच, माप वेगळं.

ड्रिपरमध्ये ओला करून घेतलेला कागद, त्यात सपाट केलेली पूड, आणि वर पहिलं 40 ग्रॅम पाणी. इथे घाई करू नये, निरखावं. बी ताजी असेल तर पूड घुमटासारखी फुगते, बुडबुडे फुटतात, सुगंध उसळतो. भाजताना बीमध्ये अडकलेला वायू बाहेर पडत असतो. तो गेल्याशिवाय पाणी नीट आत शिरत नाही, म्हणून 40 सेकंद थांबायचं. पूड नुसतीच भिजून बसली, तर बी जुनी झाली. मग बारीक, संथ, गोल धार. सारं पाणी तीनेक मिनिटांत खाली उतरावं. लवकर उतरलं आणि कॉफी आंबट, पाणचट लागली, तर दळण थोडं बारीक करावं. रेंगाळलं आणि कडवट झाली, तर जाडसर.

आमचे ऋतूही यात हात घालतात. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, हवा कोरडीठाक होते आणि पूड ग्राइंडरच्या आतच चिकटून बसते. दळण्याआधी बियांवरून ओलं बोट फिरवलं की पूड सुटी पडते. पावसाळ्यात उघडी राहिलेली बी ओल धरते, तिला घट्ट झाकणाची बरणी हवी. थंडीत गार ड्रिपर आणि गार कप पाण्याची ऊब ओढून घेतात, म्हणून ते आधी गरम पाण्यानं विसळावेत.

आणि पाणी तर निम्मी कॉफी. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरणारं बोअरचं जड पाणी कॉफीचा आंबूस तजेला मारून टाकतं. आरओचं अगदी क्षारहीन पाणी चव नीट उतरवू शकत नाही, कारण त्या कामाला थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतंच. दोन्ही मिसळावं, आणि जमलेलं प्रमाण मोडू नये.

पाणी किती अंशांना उकळतं, तेही जागेगणिक बदलतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला. सुमारे 1100 मीटर उंचीवर तिथलं पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. गोंदियाच्या सपाटीवर ते 99 पर्यंत जातं, म्हणून फार कढत पाण्यानं कडवट होणाऱ्या गडद भाजलेल्या बीसाठी उकळी बसल्यावर जरा दम धरावा.

कागदातून गाळण्याची ही रीत मुळात घरातलीच. 1908 साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्स या गृहिणीनं भोकं पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला आणि गाळ नसलेली कॉफी मिळवली. शोध स्वयंपाकघरातला होता, आणि तो आजही तिथल्याच शिस्तीनं साधतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आज दळण बदललं, तर पाणी, वजन, वेळ सगळं कालचंच. दोन गोष्टी एकदम हलवल्या की चूक कुणाची ते कळत नाही, आणि बरं जमलं तरी ते का जमलं हेही कळत नाही. असं धीरानं करत गेलं की जीभ तयार होते, हात बसतो. मग बी नवी असो वा उतरलेली, वैशाख असो वा पौष, दारी आलेल्या माणसाच्या हाती आपण विश्वासानं कप देऊ शकतो.