२५६ रंगांची जिफ

सरकारी संकेतस्थळावर जुन्या परिपत्रकाशेजारी लाल-पिवळं ‘न्यू’ लुकलुकत असतं ना, तीच ही जिफ. अंगकाठी लहान, शिक्षण २५६ रंगांपुरतं. मावळतीचं आकाश दिलं तर त्याचे पट्टे पाडते. पण हलायला सांगा, थकायचं नाव नाही. तीच चार चित्रं, पुन्हा पुन्हा, त्याच उत्साहाने.

जन्म जून १९८७, अमेरिकेत. कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि सहकाऱ्यांनी तिला घडवलं. तेव्हा चित्र टेलिफोनच्या तारेवरून सरपटत यायचं, म्हणून तिला काटकसर शिकवली. त्या काटकसरीचं नाव एलझेडडब्ल्यू. एकदा आलेला रंगांचा क्रम ध्यानात ठेवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, पुढे तो क्रम आला की नुसता क्रमांक सांगायचा. घरात जुना किस्सा कुणी पुन्हा अथपासून सांगत नाही, एका शब्दावर सगळ्यांना कळतो, तसं. आणि क्रमांकांची यादी सोबत पाठवावी लागतच नाही. चित्र उलगडणारा ती आपली आपण तयार करत जातो. मला ही रीत फार सुंदर वाटते.

या रीतीचा पाया झिव आणि लेंपेल या इस्रायली संशोधकांनी १९७८ मध्ये घातला. टेरी वेल्च यांनी ती सुटसुटीत करून १९८४ साली छापली आणि लोक ती आनंदाने वापरू लागले. वेल्च यांच्या स्पेरी कंपनीने मात्र आदल्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला होता. १९८५ च्या डिसेंबरात ते मिळालं, पुढे कंपनी विलीन होऊन युनिसिस झाली. जिफ घडवणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता.

सात वर्षं ती जगभर हिंडली. मग १९९४ संपता संपता जाहीर झालं, की जिफ बनवणारं सॉफ्टवेअर विकायचं तर परवाना घ्या. संताप उसळला. १९९९ मध्ये तर ५ नोव्हेंबर हा ‘सगळ्या जिफ जाळा’ दिवस ठरला. राग पेटंटावरचा, आगीत ढकलली गेली ही.

सगळ्यात बोलका तपशील पुढेच आहे. त्याच रीतीसाठी आयबीएमच्या मिलर आणि वेगमन यांनी स्पेरीच्या सुमारे तीन आठवडे आधी अर्ज केला होता आणि १९८९ साली त्यांनाही पेटंट मिळालं. एका हिशेबाचे दोन मालक! तपासनिसांना दोष देऊन भागत नाही. यंत्राचे दोन भाग शेजारी ठेवून ताडता येतात. तोच हिशेब दोघांनी वेगळ्या शब्दांत मांडला, की ओळख पटणं कठीण. वेल्च यांचं श्रेय मोठंच आहे आणि संशोधनाला पैसा लागतो हेही खरं. पण एकाच महिन्याच्या आगेमागे दोन कंपन्यांतून पुढे आलेली रीत वर्षानुवर्षं कुणा एकाच्या नावावर करून देणं हा अन्याय आहे. लिहिलेल्या प्रोग्रामचं रक्षण कॉपीराइट करतोच. स्वतःच्या डोक्याने तोच हिशेब जुळवणाऱ्याला तो अडवत नाही, पेटंट अडवतं. भारतात २००४ च्या अखेरीस वटहुकमाने अशा पेटंटांसाठी दार किलकिलं केलं होतं. २००५ च्या दुरुस्तीत संसदेने ती तरतूद घेतली नाही, हे फार चांगलं झालं.

जिफच्या परवान्यावरून उसळलेल्या त्या संतापातूनच चित्रांची नवी पद्धत, पीएनजी, जन्मली. १९९५ च्या जानेवारीत पहिला आराखडा, पुढच्याच वर्षी मान्यता. कोट्यवधी रंग आणि पेटंटाची आडकाठी नाही. स्थिर चित्रांचं बरंचसं काम तिने जिफकडून घेतलंही. हलणं मात्र तिला दिलेलं नव्हतं आणि तेवढ्यावर जिफ तगली. युनिसिसचं अमेरिकेतलं पेटंट जून २००३ मध्ये संपलं, आयबीएमचं २००६ मध्ये. जिफ बनवणारा प्रोग्राम बाजारात आणायला १९९५ साली परवाना लागला असता. आज नववीतली मुलगी तो लिहून हवा त्याला देऊ शकते.