पहिल्या गोळीआधीचं रक्त

हृदयाची झडप बदललेल्या माणसाला ताप आला की प्रयोगशाळेतला जाणता माणूस आधी एकच विचारतो, ‘अँटिबायोटिक सुरू केलं का?’ उत्तर ‘हो’ आलं की त्याचा चेहरा उतरतो. मेडिकलमधून आणलेल्या चार गोळ्यांनी झडपेवर चिकट थर करून बसलेले जंतू मरत नाहीत. ते फक्त रक्तात सापडेनासे होतात.

रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू बाटलीत उगवून बघण्यासाठी रक्त घेणं, दिसायला सोपं, पण ती हातोटी आहे. शीर चाचपायची, क्लोरहेक्सिडिन-स्पिरिटने त्वचा चोळायची आणि ती पूर्ण सुकू द्यायची. घाई होते ती इथेच. एकदा पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही. बाटलीचं रबरी बूचही स्पिरिटने पुसायचं. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त हवं, आणि हे सगळं तीनदा, वेगवेगळ्या शिरांतून.

तीनदा का? स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा जंतू प्रत्येकाच्या त्वचेवर राहतो. एकाच बाटलीत उगवला तर बहुधा सुईबरोबर आलेला. तिन्ही वेळच्या रक्तात तोच निघाला, तर मात्र झडपेकडे बघावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात झडपेवर बसणाऱ्या जंतूंत तो नेहमीचाच आहे.

काही जंतू याही जाळ्यातून सुटतात. २०१०च्या दशकात झुरिकसह युरोपात मायकोबॅक्टेरियम कायमेराचे रुग्ण सापडले. शस्त्रक्रियेत रक्ताचं तापमान राखणाऱ्या यंत्राच्या टाकीतलं पाणी तुषार होऊन उघड्या छातीपर्यंत पोचलं होतं. आजार दिसायला काहींच्या बाबतीत वर्षं गेली. नेहमीच्या पाच दिवसांच्या कल्चरमध्ये हा जंतू सापडतच नाही. त्याला आठवडे द्यावे लागतात, आणि मुळात त्याचा संशय यावा लागतो.

आपल्याकडे ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब होऊन ती ऐन तरुणपणी बदलावी लागलेले पुष्कळ आहेत. तिरुवनंतपुरमला बनलेली चित्रा झडप १९९० साली पहिल्यांदा बसवली गेली, तीही अशा रुग्णांची गरज ओळखूनच. पुढची सगळी वर्षं अशा रुग्णांना झडपेवर जंतू बसण्याचा धोका असतो. झडपेला लागण झाली तर किमान सहा आठवडे शिरेतून औषध, कधी पुन्हा शस्त्रक्रिया. कोणतं औषध, ते ठरतं बाटलीत काय उगवलं त्यावर.

म्हणून घरात झडप बदललेलं कुणी असेल, तर ताप आल्यावर पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना तसं सांगा आणि रक्त कल्चरला पाठवायचं का, हे विचारा. प्रकृती फार बिघडली असली, तरी रक्त काही मिनिटांत घेऊन लगेच औषध सुरू करता येतं.