शेवटच्या टोकाचे अवधान

नेवाशाच्या पैस खांबापाशी ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, त्याला सातशेहून अधिक वर्षे झाली. नववा अध्याय शिकवताना मी एका गोष्टीपाशी नेहमी थांबतो. इतका समर्थ वक्ता आरंभीच श्रोत्यांकडे अवधान मागतो! आजीच्या गोष्टीलाही हुंकार लागे. तो थांबला की गोष्ट थांबे. हे आठवण्याचे निमित्त मात्र अगदीच गद्य होते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आगीची सूचना देणारी यंत्रणा बसत होती, आणि समितीचा सदस्य म्हणून सुटीचे चार दिवस मला तिथे काढावे लागले.

धूर ओळखणारे डिटेक्टर निराळे आणि ओरडणारे हूटर निराळे. हूटरांचे सर्किटही स्वतंत्र. हूटर वर्षानुवर्षे गप्प असतो. आग नाही म्हणून तो गप्प आहे की तार तुटली म्हणून, हे ओळखायचे कसे? यावरची युक्ती मला विलक्षण वाटली. पॅनेलपासून निघालेली दोन तारांची जोडी एका हूटरवरून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते आणि शेवटच्या हूटरवर एक लहानसा रेझिस्टर बसवतात. एरवी पॅनेल या तारांतून उलट्या दिशेने अगदी क्षीण प्रवाह सोडत राहते. हूटरमधला डायोड तो अडवतो, म्हणून हूटर वाजत नाही. पण तार अखंड असेल तर प्रवाह रेझिस्टरमधून फिरून परत येतो. हाच तो हुंकार. तार तुटली की हुंकार थांबतो आणि पॅनेलवर बिघाडाचा दिवा लागतो. आगीची वर्दी मिळाली की ध्रुव बदलतात, २४ व्होल्टचा दाब सुलट दिशेने जातो आणि सारे हूटर एकदम वाजू लागतात.

म्हणूनच या तारेला मध्येच फाटा फोडायचा नसतो. फाट्यावरच्या हूटरची तार उंदराने कुरतडली, तरी मुख्य तारेचा हुंकार चालूच राहतो आणि पॅनेल सर्व ठीक असल्याचे सांगत राहते. स्क्रूभोवती तारेचा नुसता वेढा देऊन पुढे जाणेही याच कारणाने वर्ज्य. येणारे आणि जाणारे टोक वेगवेगळ्या स्क्रूखाली हवे. आमचा वायरमन प्रत्येक हूटरपाशी तार कापत होता. ‘‘सर, तार अखंड ठेवली तर भरवसा तुटतो,’’ तो सहज म्हणून गेला.

अर्थात हा हुंकार तारेची साक्ष देतो, हूटरच्या कंठाची नव्हे. त्यासाठी हूटर प्रत्यक्ष वाजवून, दूरच्या खोलीत दार लावून ऐकावेच लागतात.

नगरकरांना हा विषय केवळ तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० तान्ही बाळे गेली होती. प्राणवायूच्या नळीने जखडलेला रुग्ण किंवा पेटीतले बाळ इशारा ऐकून पळू शकत नाही. अशा ठिकाणी हूटर वाजायचा तो इतरांसाठी, ज्यांचे पाय धावू शकतात आणि हात उचलू शकतात त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा अधिनियम आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. नियम योग्यच आहे. पण तारेला क्षणोक्षणी उत्तर द्यावे लागते आणि कागदाला वर्षातून दोनदा. तपासणीवाचून सही झालेला कागद म्हणजे मुख्य तारेतून फोडलेला फाटाच. तिकडे काही तुटले तरी इकडे सर्व ठीक.

तेव्हा एखाद्या वसतिगृहात, दवाखान्यात, सभागृहात जाणे झाले तर एवढे विचारावे: इथला शेवटचा हूटर कुठे आहे, आणि तो वाजलेला कुणी, केव्हा ऐकला होता?