आधी मोजू

लेकाने अमेरिकेत १९९४ सालचं जुनं मोटारहोम घेतलंय. सहलीला निघायच्या आदल्या रात्री त्यातले दिवे मिणमिणू लागले, पाण्याचा पंपही अडखळू लागला.

"बाबा, बॅटरी गेली," म्हणत तो नवी आणायला निघाला.

म्हटलं, "थांब, आधी मोजू."

पंप चालू ठेवून मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपापाशी जेमतेम १०. म्हणजे बॅटरी शाबूत, व्होल्ट वाटेतच हरवत होते! बॅटरीची ऋण तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, तिथला बोल्ट गंजला होता. तार सोडवून टोक आणि सांगाडा पॉलिश पेपरने घासला, बोल्ट आवळला. दिवे लख्ख!

लेक खूश झाला. मला मात्र शाळेतला एक मुलगा आठवला. त्याला मी 'ढ' ठरवलं होतं. फळाच दिसत नाही त्याला, हे वर्ष संपताना कळलं.