कोऱ्या खोलीतलं बिल्ड

गेल्या पावसाळ्यात वरवे बुद्रुकला घरी राहून मी माझं पहिलं डेबियन पॅकेज केलं. लोहित हे फॉन्ट रेड हॅटने २००४ साली खुले केले, आणि पुढे त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातही त्यांवर काम झालं. त्यातल्या लोहित देवनागरीवरून घरच्या छपाईसाठी वेगळ्या नावाचा एक फॉन्ट करायचा होता. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ अशा शब्दांतला ऱ बारीक टाइपात पुढच्या अक्षराला चिकटायचा. त्याला थोडी जागा करून दिली. फॉन्टफोर्जमध्ये हे दोन संध्याकाळींत झालं. पॅकेजला मात्र तीन आठवडे लागले.

लॅपटॉपवर ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज’ चालवलं, डेब फाइल तयार झाली, फॉन्टही बसला. आनंदाने सोर्स पुण्यातल्या मैत्रिणीला पाठवला. तिच्याकडे बिल्ड सुरू होताच थांबलं: फॉन्टफोर्ज सापडत नाही. माझ्याकडे ते कित्येक वर्षांपासून होतं, म्हणून ‘कंट्रोल’ फाइलीतल्या ‘बिल्ड-डिपेंड्स’ या ओळीत लिहायचं सुचलंच नव्हतं. जे लिहिलंय तेच संगणक तपासतो. जे लिहायचं राहिलं, ते स्वतःच्या मशीनवर कळत नाही. शिवाय चेंजलॉगमध्ये माझ्या नावाऐवजी लॅपटॉपचं लॉगिन नाव गेलं होतं. ‘डेबफुलनेम’ आणि ‘डेबईमेल’ या दोन ओळी ‘बॅशआरसी’त घातल्यावर ते सुटलं.

मग एसबिल्ड लावलं. डेबियनचे स्वतःचे बिल्ड-सर्व्हरही हेच वापरतात. प्रत्येक बिल्डसाठी ते एक कोरी सिस्टिम उघडतं, तुम्ही लिहून दिलेली पॅकेजेस तेवढी आत आणतं, आणि काम झालं की सगळं मोडून टाकतं. ही कोरी सिस्टिम, म्हणजे सीएच-रूट, मी ‘एमएमडीबूटस्ट्रॅप’ने तयार केली. ‘एसबिल्डआरसी’ फाइलीत मोजक्याच ओळी लिहिल्या: वितरण अनस्टेबल, सीएच-रूटची पद्धत अनशेअर, शेवटी पॅकेजमधल्या चुका दाखवणाऱ्या लिंटियनची तपासणी. अनशेअरमुळे बिल्डला रूटची परवानगी लागत नाही. घरातल्या सगळ्यांच्या लॅपटॉपवर हे चालायचं होतं, म्हणून मला ते फार मोलाचं वाटलं.

अडचण डेटाची होती. घर पुणे-सातारा महामार्गालगत, पण नेट मोबाइलचंच, दिवसाला दीड जीबी. प्रत्येक बिल्डला फॉन्टफोर्ज आणि त्याच्यामागची सगळी लायब्ररी पुन्हा उतरायची. दुपारपर्यंत डेटा संपायचा. त्यात पावसात वीज गेली की बिल्ड अर्ध्यावर. शेवटी माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला, त्यावर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ बसवलं आणि सीएच-रूटला ३१४२ नंबरच्या पोर्टकडे वळवलं. एकदा उतरलेलं पॅकेज आता घरातूनच मिळतं. आई म्हणाली, “अगं, विहिरीवर रोज जाण्यापेक्षा हंडा भरून ठेवलास.” अगदी तेच.

कोऱ्या खोलीत पहिलं बिल्ड पडलं, दुसरंही पडलं. फॉन्टफोर्ज लिहिलं तर पायथनचं एक मॉड्यूल राहिलं होतं. ते लिहिलं तर माझीच एक स्क्रिप्ट तपासणीच्या शब्दांची यादी इंटरनेटवरून ओढत असल्याचं उघड झालं. बिल्ड चालू असताना नेटवरून काही आणायचं नाही, हा डेबियनचा नियम आहे. माझ्या लॅपटॉपवर ती यादी मुकाट येत होती. एसबिल्डने नेट बंद ठेवल्यामुळे चूक पकडली गेली. यादी सोर्समध्येच ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात लॉगच्या तळाशी ‘सक्सेसफुल’ आलं. तोच सोर्स पुण्याला पाठवला आणि तिथे पहिल्या फटक्यात पॅकेज तयार झालं.

पॅकेज करायला बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी, कोडची एक ओळ लिहिण्याआधी, एसबिल्ड लावून घ्यावं. त्याला एक दुपार पुरते. माझे तीन आठवडे ते आधी न केल्यामुळे गेले.